आधी हक्क, मग नकाशा: अबूझमाडच्या मोजणीबद्दल

नारायणपूर जिल्ह्याचा ओरछा विकासखंड आणि त्याला लागून बीजापूर, दंतेवाड्याचा काही भाग मिळून छत्तीसगडच्या दक्षिणेला जो डोंगरी मुलूख होतो, तो अबूझमाड. क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडे जास्तच. इथल्या दोनशेहून अधिक गावांची जमीन स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके महसुली कागदावर आली नाही. गावाचा नकाशा नाही, शेताच्या नोंदीचा खसरा नाही, शिवार कुठे संपते आणि राखीव जंगल कुठे लागते याची नोंद नाही. हे काम आता सुरू झाले आहे आणि येत्या काही वर्षांत पुरे होईल अशी चिन्हे आहेत.

मोजणी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भीती आहे ती कामांच्या क्रमाची. रस्ता आला, छावणी आली, खाणीचे प्रस्ताव हलू लागले आणि त्या धांदलीत गावांचे व कुळांचे सामूहिक हक्क नोंदवण्याआधीच नकाशा पक्का झाला, तर ज्या जमिनीवर आज कुणाचेच नाव नाही ती आपोआप सरकारी ठरेल. सरकारी ठरलेली जमीन परत मिळवताना दोन-दोन पिढ्या झिजल्याचे महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्येही आपण पाहिले आहे.

घाई का आहे, तेही उघड आहे. १९८० साली आंध्रात पीपल्स वॉर गट स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची पथके गोदावरी ओलांडून गडचिरोली आणि बस्तरमध्ये शिरली. पुढे अबूझमाड हा माओवाद्यांचा मुख्य तळ बनला. २१ मे २०२५ रोजी त्यांचा सरचिटणीस बसवराजू याच माडच्या जंगलात चकमकीत मारला गेला. ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि दोन दिवसांत जगदलपूरला २१० जणांनी शस्त्रे खाली ठेवली. केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची मुदत जाहीर केली होती. पंचेचाळीस वर्षे अडून राहिलेली सगळी कामे आता एकदम दाराशी आली आहेत.

या मुलखाचा भूगोल समजून घेतल्याशिवाय मोजणीतला धोका कळत नाही. माड म्हणजे एक सलग पठार नव्हे. एकाला एक लागलेल्या डोंगररांगा, मधे अरुंद खोरी आणि त्यांतून वाहणारे असंख्य नाले अशी त्याची ठेवण आहे. दक्षिणेला इंद्रावती. पश्चिमेकडे वाहणारे पाणी पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांना मिळते आणि भामरागडपाशी त्या दोघी इंद्रावतीला भेटतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, ही बातमी महाराष्ट्रातले वाचक दर पावसाळ्यात वाचतात. त्या पुराचे बरेचसे पाणी माडच्या उतारांवर पडलेले असते. एकाच पावसाची ही दोन टोके, पण मधून राज्याची सीमा गेल्यामुळे त्याची बातमी एका बाजूलाच येते.

अशा जमिनीवर सपाट शेत क्वचितच सापडते. म्हणून अबूझमाडिया लोकांची मुख्य शेती उतारावरची. तिला पेंदा म्हणतात. डोंगराच्या एका अंगावरची झाडे तोडायची, उन्हाळ्यात वाळलेला पाला-फांद्या जाळायच्या आणि पहिल्या पावसाबरोबर राखेत कोसरा, कुटकी, उडीद, मका असे बी टाकायचे. दोन-तीन वर्षांत कस उतरला की तो उतार सोडून पुढच्या उतारावर जायचे. सोडलेल्या जागी रान परत वाढते आणि पुरेशी वर्षे गेली की तेच कुटुंब, तेच कुळ पुन्हा तिथे येते. शेताबरोबर कधी कधी घरेही सरकतात. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन हे १९२७ ते १९३१ या काळात बस्तर संस्थानचे प्रशासक होते. १९३८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी डोंगरी माडियांच्या या शेतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. हा क्रम कुणी मनाला येईल तसा चालवत नाही. कोणत्या डोंगराचे अंग कोणत्या कुळाचे, कुठल्या नाल्यापलीकडे दुसऱ्या गावाचा हक्क सुरू होतो, देवाची जागा कोणती, हे सगळे ठरलेले असते. गावचा पुजारी, गायता, ते जाणतो आणि वाद झाला तर परगण्याच्या प्रमुखापुढे, मांझीपुढे, तो सुटतो.

एका उताराकडे जवळून पाहू. सहा-सात वर्षांपूर्वी सोडलेला पेंदा लांबून निव्वळ जंगल दिसतो. जवळ गेले की कमरेएवढ्या उंचीवर तोडलेले बुंधे दिसतात आणि त्यांतून फुटलेल्या नव्या फांद्या मनगटाएवढ्या जाड झालेल्या असतात. मधेच मोहाची जुनी झाडे उभी असतात. ती तोडताना मुद्दाम राखलेली, कारण मोह कुणाच्या ना कुणाच्या घरचा असतो. खाली ओलाव्याशी सल्फीचे झाड असते. बस्तरमध्ये सल्फी ही घरची मालमत्ता आहे. जमीन कुणाचीही असली तरी झाडाचा मालक वेगळा असू शकतो, आणि ते झाड बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे ज्या जागेला बाहेरचा माणूस रान म्हणेल, तिथे कुळाचा शेतीचा हक्क, मोहाच्या मालकाचा हक्क आणि सल्फीच्या मालकाचा हक्क असे तीन थर एकावर एक असतात. मोजणीच्या तक्त्यात यांतल्या एकाही थरासाठी रकाना नाही.

मग इतकी वर्षे मोजणी का झाली नाही? दुर्गमता आणि भीती ही कारणे नेहमी सांगितली जातात, पण मूळ कारण वसुलीचे आहे. जमीन मोजली जाते ती सारा घेण्यासाठी. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगडची सुभेदारी झाली. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुन्या गढांच्या जागी परगणे पाडले आणि परगण्यांवर कमाविसदार नेमले. ही व्यवस्था धानाच्या सपाट प्रदेशासाठी होती. बस्तरच्या राजाशी भोसल्यांचा १७७८ साली कोटपाडला तह झाला आणि तिथून खंडणी येऊ लागली. ती राजाकडून यायची, डोंगरातल्या माडियाकडून नव्हे. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले, तरी माडची स्थिती तशीच राहिली. ज्या उतारावर तीन वर्षांनी पीक नसणार, त्याचा सारा बांधणे कुणालाच परवडणारे नव्हते.

जंगलाची गोष्ट मात्र निराळी होती. १९०५ मध्ये इंग्रज सरकारने बस्तरचे दोन-तृतीयांश जंगल राखीव करण्याचा प्रस्ताव आणला. फिरती शेती, शिकार, वनोपज गोळा करणे यांवर बंदी येणार, गावे हलवली जाणार हे लोकांना कळले आणि १९१० च्या फेब्रुवारीत भूमकाल हे बंड झाले. त्याचा नेता गुंडाधूर याचे नाव आज सर्वांना माहीत आहे. बंड चिरडले गेले, पण राखीव करायचे जंगल सरकारला जवळपास निम्म्यावर आणावे लागले. इतका रक्तपात ज्या रेषेवरून झाला, ती रेषा गावांना न विचारता कचेरीत बसून ओढली होती. आजच्या मोजणीचा विचार करताना बस्तरच्या इतिहासातली ही घटना मला सर्वांत आधी आठवते.

स्वातंत्र्यानंतर बस्तर हा एकच जिल्हा केरळपेक्षा मोठा होता. १९९८ साली त्याचे तीन तुकडे झाले, २००७ मध्ये नारायणपूर आणि बीजापूर वेगळे निघाले, २०१२ मध्ये सुकमा आणि कोंडागाव. जिल्हे लहान झाले, पण माडमधल्या माणसाच्या दृष्टीने कचेरी तितकीच लांब राहिली. ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेश सरकारने बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय अबूझमाडमध्ये जायला बंदी केली. ही बंदी २००९ साली उठली. आतल्या अनेक गावांचे रेशन वर्षानुवर्षे ओरछा किंवा नारायणपूरच्या आसपासच वाटले जायचे आणि लोक दोन-दोन दिवस चालत येऊन तांदूळ डोक्यावर घेऊन परत जायचे. पश्चिमेकडच्या गावांतला आजारी माणूस खाटेवर घालून सीमेपलीकडे हेमलकसाला नेला जायचा. तिथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना हा कित्येक वर्षे त्यांना मिळालेला एकमेव दवाखाना होता. राज्य तिथे पोचले नव्हते, ही वस्तुस्थिती आहे, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली. म्हणून ‘आदिवासींना त्यांच्या जंगलात सुखाने राहू द्या, रस्ते कशाला’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कागद नसल्याचा तोटा पैशातही मोजता येतो. छत्तीसगडमध्ये सरकार सोसायटीमार्फत धान खरेदी करते, क्विंटलला ३,१०० रुपये या दराने आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत. त्यासाठी शेतकऱ्याची नोंदणी लागते आणि नोंदणीला खसरा लागतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा हा कागद नसेल तर पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, धानाची पावती नाही. खोऱ्यात थोडे धान पिकवणाऱ्या माडियाला ते व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावे लागे. २०१७ मध्ये आयआयटी रुरकीच्या मदतीने उपग्रहचित्रांवरून मोजणी सुरू झाली आणि २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने असर्वेक्षित गावांतल्या कुटुंबांना ‘मसाहती खसरा’ द्यायचे ठरवले. पक्क्या मोजणीआधीचा हा तात्पुरता कागद. तो हाती आला तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा धानाचे सरकारी पैसे आले. ही चांगली गोष्ट आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

आता तिची दुसरी बाजू. धानाचे पैसे ज्या कागदावर मिळतात, तो कागद धानाच्या शेताचाच निघतो. मोजणीदार आला की लोक त्याला खोऱ्यातली बांधबंदिस्तीची जमीन दाखवतात, कारण तिचाच उपयोग आज समजतो. वरचा उतार कुणी दाखवत नाही आणि कुणी विचारतही नाही. आकाशातून काढलेल्या चित्रात सहाव्या-सातव्या वर्षीचा पेंदा आणि शेजारचे कधीही न तोडलेले जंगल यांत फरक करणे अवघड. चित्र त्या दिवशीचे असते, पेंद्याचे चक्र मात्र पंधरा-वीस वर्षांचे. म्हणून एका कुटुंबाची एक-दोन एकर धानाची जमीन कागदावर येते आणि ज्या डोंगरावर ते खरे जगते तो डोंगर ‘वन’ किंवा ‘पडीत’ म्हणून नोंदला जातो. कागद मिळाल्याच्या आनंदात आपण काय गमावले, हे त्या घराला कळायला पुढे काही वर्षे लागतील. कुणी तार घेऊन हद्द आखायला येईल, तेव्हा.

यात आणखी तीन गाठी आहेत. पहिली जुनी आहे. अविभाजित मध्य प्रदेशापासून महसूल आणि वन या दोन खात्यांत लाखो एकर जमिनीचा वाद चालत आला आहे. एकाच तुकड्यावर दोन्ही खाती आपला हक्क सांगतात. नकाशावर अशा जमिनीला नारंगी क्षेत्र म्हणतात. जिथे कधी मोजणीच नव्हती, तिथे नव्याने असे पट्टे तयार होणार नाहीत याची काय हमी? आणि दोन खात्यांच्या वादात तिसरा पक्ष, म्हणजे गाव, बाजूलाच राहतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी गाठ विस्थापितांची. माओवाद्यांच्या धाकाने गाव सोडून नारायणपूर शहराच्या कडेला राहायला आलेली कुटुंबे आहेत, आणि पोलीस कारवायांच्या भीतीने दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रात किंवा इंद्रावतीपलीकडे गेलेलीही आहेत. मोजणी होते ती त्या दिवशी हजर असलेल्या माणसाची. गेलेल्याचे शेत कुणी कसत असेल तर ते त्याच्या नावे होईल, कसत नसेल तर सरकारच्या. शेजाऱ्याच्या नावे झाले तर गावात कायमचे वैर. दोन्ही बाजूंनी होरपळलेल्या गावात असे वैर पेटायला फार वेळ लागत नाही.

तिसरी गाठ सेवांच्या भूगोलाची. राज्य सरकारची ‘नियद नेल्लानार’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. नव्या सुरक्षा छावणीभोवती काही किलोमीटरचे वर्तुळ धरून त्यातल्या गावांना रेशन, वीज, अंगणवाडी, आधार, रस्ता असे सगळे द्यायचे, ही तिची रचना. कच्चापाल, कुतुल, पदमकोट, आणि महाराष्ट्राच्या सीमेवरचे नेलांगूर अशा छावण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. कोंडागावहून नारायणपूर, कुतुलमार्गे महाराष्ट्राकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १३०-डी याच रेषेवर आहे. योजनेने अनेक गावांत पहिल्यांदा दिवा लागला. पण जिल्ह्याचा कारभार कायमचा छावणीच्या वर्तुळांवर बेतणे योग्य नाही. छावणी डावपेचाच्या सोयीने बसते, गावाची हद्द कुळांच्या नात्याने ठरते. माडचे एक गाव म्हणजे तीन-चार किलोमीटरवर विखुरलेले पारे, म्हणजे वाड्या. त्यांतला एक पारा वर्तुळात आणि एक बाहेर राहिला, तर पुढची वस्ती, शाळा, दुकान सगळे वर्तुळाच्या आत सरकेल आणि बाहेरचा डोंगर कागदावर निर्मनुष्य होईल. निर्मनुष्य डोंगराचा खाणपट्टा काढायला ग्रामसभेचा अडथळाही उरत नाही.

खाणीचा मुद्दा कल्पनेतला नाही. माडच्या ईशान्य कडेला रावघाटच्या डोंगरात भिलाई पोलाद कारखान्यासाठी राखलेला लोहखनिजाचा मोठा साठा आहे आणि त्यासाठी दल्ली राजहराहून रेल्वे तारोकीपर्यंत आली आहे. छोटे डोंगरजवळच्या आमदाई घाटीत खाण चालू आहे. शिवाय लष्कराच्या सराव क्षेत्रासाठी माडमधली सुमारे ५४ हजार हेक्टर जमीन घेण्याचा जुना प्रस्ताव आहे. २०२४ मध्ये त्याची कागदपत्रे पुन्हा हलू लागली. ही जमीन म्हणजे माडचा साधारण सातवा हिस्सा. देशाला पोलादही हवे आणि सैन्याला सरावाची जागाही. पण मोजणी पुरी होण्याआधी असे प्रस्ताव पुढे गेले, तर गावांनी नक्की काय दिले याचा हिशेबच राहणार नाही.

अशी वेळ जगात दुसरीकडे येऊन गेली आहे. पेरू देशाच्या आंदीज पर्वतात आयाकूचो हा क्वेचुआ भाषक शेतकऱ्यांचा डोंगरी विभाग. तिथल्या चुस्ची या गावात १७ मे १९८० रोजी ‘सेंदेरो लुमिनोसो’ या माओवादी संघटनेने मतपेट्या जाळून युद्ध पुकारले. तेच १९८० साल. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ६९ हजार माणसे मेली किंवा नाहीशी झाली, असा अंदाज २००३ साली तिथल्या सत्यशोधन आयोगाने दिला. त्यांतले तीन-चतुर्थांश क्वेचुआ किंवा दुसरी मूळनिवासी भाषा बोलणारे होते. आयोगाने निम्म्याहून अधिक मृत्यूंची जबाबदारी सेंदेरोवर टाकली आणि सरकारी सैन्यालाही सोडले नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. आंदीजचा शेतकरी एकाच उंचीवर शेती करत नाही. वर थंडीत बटाटा, त्याहून वर अल्पाका-लामांची चरणी, खाली मका. प्रत्येक तुकडा काही वर्षे पडीक ठेवायचा, आणि कुठला कधी पडीक ठेवायचा हे गाव मिळून ठरवणार. या गावसमाजांना १९६९ च्या जमीन सुधारणेने बळ दिले होते आणि १९७९ च्या राज्यघटनेने त्यांची सामूहिक जमीन विकता किंवा जप्त करता येणार नाही अशी तजवीज केली होती. सेंदेरोचा नेता आबिमाएल गुसमान सप्टेंबर १९९२ मध्ये पकडला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या राज्यघटनेने हे संरक्षण सैल केले आणि ‘टाकून दिलेली’ जमीन सरकारच्या मालकीची होईल, असे कलम घातले. ज्या डोंगरात जमीन विश्रांतीला ठेवणे हाच शेतीचा नियम, आणि जिथून हजारो माणसे युद्धामुळे पळाली होती, तिथे या कलमाचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

शेजारच्या आपुरीमाक विभागातल्या कोताबाम्बास प्रांतात समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटरवर लास बाम्बास ही तांब्याची प्रचंड खाण उभी राहिली आणि २०१६ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. मूळ पर्यावरण आराखड्यात खनिज नळातून वाहून नेण्याची योजना होती. खाणीची मालकी बदलल्यावर ती बदलून ट्रक आले. ट्रक गावसमाजांच्या जमिनीतल्या कच्च्या रस्त्यांवरून धावू लागले, धुळीने चरणी माखली, लोक रस्ता अडवून बसले. सप्टेंबर २०१५ च्या आंदोलनात माणसे मारली गेली. पुढे सरकारने त्या रस्त्याची श्रेणी बदलून तो राष्ट्रीय मार्ग जाहीर केला. म्हणजे रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो हा गावाचा प्रश्न कागदावरच निकाली निघाला. पेरूत खाणीच्या आयकराचा निम्मा वाटा त्या त्या भागाला परत मिळतो, तिथल्या छोट्या डिस्ट्रिक्टला निवडून आलेला महापौर आहे, पैसाही आहे. तरी त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे नाकेबंद्या होत राहिल्या. पैशाची वाटणी नंतर करता येते. मालकीचा वाद मात्र पहिल्या दिवशी सोडवला नाही तर तो दर वर्षी नव्याने उभा राहतो. आपल्याकडचा जिल्हा खनिज निधी गावाला शाळा देईल, विहीर देईल, पण डोंगर कुणाचा याचे उत्तर देणार नाही.

आपण पेरूपेक्षा एका बाबतीत सुदैवी आहोत. हवा तो कायदा आपल्याकडे आधीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ङ) खाली विशेष दुर्बल आदिवासी समूहांना ‘पर्यावास हक्क’ मिळतो. घर किंवा शेताचा तुकडा यापुरता तो मर्यादित नाही. कुळांची वस्ती, देवस्थाने, फिरती शेती, वनोपज, सगळा मुलूख त्यात येतो. २०१२ च्या नियमांनी ही जबाबदारी अर्जदारावर न टाकता जिल्हास्तरीय समितीवर टाकली, तीही पारंपरिक संस्थांशी बोलून पार पाडायची. छत्तीसगडमध्येच २०२३ साली धमतरीच्या कमार आणि गौरेला-पेंड्रा-मरवाहीच्या बैगा समाजाला हा हक्क मिळाला. अबूझमाडिया हा तसाच विशेष दुर्बल समूह. मग माडमध्ये मसाहती खसरा आधी आणि पर्यावास हक्क मागे, हा उलटा क्रम कशासाठी? वैयक्तिक हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ चा ताबा दाखवावा लागतो आणि चार हेक्टरची मर्यादा असते. सरकणाऱ्या शेताला हे दोन्ही लागू पडत नाही. पर्यावास हक्क त्याच कारणासाठी कायद्यात घातला होता.

ग्रामसभेला वजन मिळाले तर काय होते, हे ओडिशाच्या नियमगिरीत दिसले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंधांचे दावे आधी ग्रामसभांनी तपासावेत असे सांगितले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. त्याहून मला जवळचे उदाहरण मेंढा-लेखाचे वाटते. गडचिरोलीतल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्याने बांबू विकला, पैसे कमावले, हिशेब ठेवला. हक्क नोंदवल्याने विकास अडत नाही, तो गावाच्या हातून होतो. पण तिथे आधी गाव जंगलाच्या हद्दी स्वतः फिरून आले होते, हे विसरता कामा नये.

उलट दिशेचे बदलही चालू आहेत. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने पाहावी, असा क्रम लावला. २०२३ च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त भागात पाच हेक्टरपर्यंतच्या छावण्या आणि लोकोपयोगी कामांना वनमंजुरीतून सूट दिली. छत्तीसगडने २०२२ मध्ये आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम केले खरे, पण ते ज्या गावांत लागू करायचे त्या गावांची हद्दच निश्चित नसेल तर ग्रामसभा कुठल्या जमिनीवर ठराव करणार?

मी रायपूरच्या बूढापाऱ्यात राहतो. बूढातालाबच्या काठचे धरनास्थळ नवा रायपूरजवळच्या तूत्याला हलवण्यापूर्वी बस्तरची माणसे वर्षानुवर्षे आमच्या या रस्त्यावर येऊन बसत. त्यांतल्या बहुतेक गटांकडे एक जाड प्लास्टिकची पिशवी असायची आणि विचारले की ती उघडून दाखवली जायची. आत अर्जांच्या प्रती, प्रत्येकीवर आवक शिक्का, कुठे तहसीलचा, कुठे वनविभागाचा, कुठे जिल्हाधिकारी कार्यालयाचा. काही कागद घड्यांवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेली. अर्ज पोचल्याचा पुरावा त्यांनी जपून ठेवला होता. अर्जावर काय ठरले, याचा एकही कागद मी त्या पिशव्यांत पाहिला नाही. अबूझमाडमधून येणारे त्यांत कमीच असत, कारण अर्ज करायलाही गावाचे नाव कुठल्यातरी यादीत लागते.

करायचे काय, ते अवघड नाही. ज्या गावाचा पर्यावास हक्क आणि सामूहिक वनहक्क निकाली निघालेला नाही, तिथे मोजणीचा नकाशा अंतिम म्हणून प्रसिद्ध करू नये. मसाहती खसरा द्यावा, धान विकू द्यावे, पण त्यावर स्पष्ट लिहावे की या कागदामुळे उतारावरचे आणि कुळाचे हक्क संपत नाहीत. मोजणी पाऱ्यानिशी व्हावी आणि हद्द गायता व शेजारच्या गावांचे लोक सोबत चालून दाखवतील तीच धरावी. वाचून दाखवायचा मसुदा माडिया बोलीत असावा, नुसत्या हिंदीत नको. निघून गेलेल्यांची नावे गावानेच सांगावीत आणि त्यांच्या वाट्याच्या जमिनीवर काही वर्षे कुणाचेही नाव चढवू नये. तोवर सराव क्षेत्र, नवे खाणपट्टे आणि माडमधून जाणाऱ्या रस्त्यांची रुंदी यांचे निर्णय थांबवावेत. नारायणपूरचे जिल्हाधिकारी, आदिवासी विभाग आणि महसूल मंडळ यांच्या आजच्या अधिकारात हे सगळे बसते. नवा कायदा लागत नाही.

एका बाबतीत मात्र खरोखर घाई करायला हवी. १९८० च्या आधीच्या हद्दी स्वतः पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. कोणता उतार कोणत्या कुळाचा, कोणत्या साली कुणी तो कसला, कोणत्या नाल्यावरून दोन गावांत काय ठरले, हे त्यांनाच ठाऊक आहे. दुसरा कुठलाच दस्तऐवज नाही. पर्यावास हक्काच्या दाव्यात याच साक्षी पुरावा म्हणून चालतात, नियमांत वडीलधाऱ्यांच्या जबानीला जागा आहे. येत्या उन्हाळ्यात, पाऊस लागून नाले भरण्यापूर्वी, त्या जबान्या गावोगाव नोंदवायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.